डोंगर पोखरण्यात संशोधन ते कसलं?

शंकासुर

भाचीने अभियांत्रिकीच्या पसंतीक्रमात पहिल्या तीन जागी खाणकाम, धातुशास्त्र आणि पेट्रोलियम भरलंय. कॉम्प्युटर नाहीच. वर "पुढे संशोधनच करायचं" असंही जाहीर केलंय. मी सहज बोलून गेलो, "अगं, डोंगर फोडायचा, दगड वितळवायचा, भोक पाडून तेल उपसायचं. माणूस हे पिढ्यान् पिढ्या करतोय. यात संशोधन ते कसलं?" त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप वाचायला बसलो.

वाचून माझं मत जरा पक्कंच झालं, म्हणून हा धागा. या धंद्यांत कारागीर पुढे आणि विज्ञान मागे, अगदी वरातीमागून घोडं. लोखंड माणसाला तीन हजार वर्षांपासून येतंय. पोलाद, ओतीव लोखंड आणि घडीव लोखंड यांच्यातला फरक कार्बनमुळे पडतो हे मात्र अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी कळलं. तेवढ्या काळात तलवारी काय थांबल्या होत्या?

तर प्रश्न असा: या तीन शाखांत संशोधनाने खरंच नवं काही घडवलं, की आधीच जमलेल्या गोष्टींना समीकरणं चिकटवली? उदाहरणासकट सांगा. भाची धागा वाचणार आहे, तेव्हा भाषा जपून.

आळशी उंदीर

डोंगर पोखरून शेवटी मीच निघणार, म्हणून आधीच येऊन बसलो. वाचतोय.

भट्टीवाला

३१ वर्षं पोलाद कारखान्यात काढली, त्यातली बरीचशी कन्व्हर्टरपाशी, म्हणजे लोखंडाचं पोलाद करणाऱ्या भट्टीपाशी. घोड्याबद्दल निम्मं मान्य.

बेसेमरने १८५६ मध्ये वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करून दाखवलं. परवाने विकले, लोकांनी भट्ट्या बांधल्या, आणि बहुतेकांच्या हाती ठिसूळ माल आला. कारण फॉस्फरस. बेसेमरने नेमकं कमी फॉस्फरसचं लोखंड वापरलं होतं, तेही नकळत. पुढे वीसेक वर्षं कारागिरांनी डोकं आपटलं, पण फॉस्फरस हलेना. युरोपातलं बरंचसं लोहखनिज फॉस्फरसवालं, म्हणजे ते पोलादाच्या कामाचंच नाही.

ते सोडवलं सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने. पेशाने लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून, रसायनशास्त्र शिकला संध्याकाळच्या वर्गात. त्याचं म्हणणं असं: फॉस्फरस जळून आम्लधर्मी ऑक्साइड होतो. भट्टीचं अस्तरही सिलिकाचं, म्हणजे आम्लधर्मीच, मग त्याला धरून कोण ठेवणार? तो परत लोखंडात शिरतो. अस्तर उलट्या गुणाच्या, म्हणजे आम्लारिधर्मी डोलोमाइट दगडाचं करा, वर चुना टाका, फॉस्फरस स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत अडकेल. चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ होता, त्याच्याबरोबर प्रयोग केले. १८७८ च्या एका सभेत उठून सांगितलं तर कोणी फारसं लक्षही दिलं नाही. पुढच्या वर्षी लोक दारात उभे. आणि तो फॉस्फरसवाला स्लॅग दळून शेतात खत म्हणून जाऊ लागला.

इथे समीकरण आधी आलं आणि भट्टी त्याच्यामागून गेली. शंकासुर, हे घोडं वरातीच्या पुढे होतं.

गंजका खिळा

भट्टीवाला, झकास. पण मी धागाकर्त्याच्या बाजूने एक वजन टाकतो.

जस्त. त्याचं खनिज कोळशाबरोबर तापवलं तर धातू सुटायला हजार अंशांच्या वर जावं लागतं, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्माला येतो तोच वाफ होऊन. उघड्या भट्टीत ती वाफ हवेला लागली की पुन्हा राख. म्हणूनच तांबं, शिसं, लोखंड हजारो वर्षं सापडतं आणि शुद्ध जस्त नाही. राजस्थानात झावरला यावर तोड काढली: मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी, तोंड खाली, वरच्या कप्प्यात आग, खालच्या थंड कप्प्यात थेंब थेंब जस्त. एका भट्टीत ३६ मुशी. तिथल्या जुन्या मुशींचे ढीगच्या ढीग अजून आहेत. युरोपात विल्यम चॅम्पियनला याच तऱ्हेच्या कृतीचं पेटंट मिळालं १७३८ मध्ये, झावरच्या कितीतरी नंतर.

वाफेचा दाब, ऑक्सिजनची ओढ, कशालाही नाव नव्हतं. तरी जमलं.

काचेपलीकडे

@गंजका खिळा, पण ते संशोधन नव्हतं असं कोण म्हणतं? मुशीचं तोंड खाली करायचं, थंड कप्पा वेगळा ठेवायचा, ३६ मुशींना सारखी आग लागेल अशी मांडणी करायची, हे पहिल्या दिवशी कुणाला सुचत नाही. फसलेले प्रयोग कुणी लिहून ठेवले नाहीत एवढंच.

आळशी उंदीर

मी पण फसलेले प्रयोग लिहून ठेवत नाही. म्हणजे मी संशोधक.

पाताळयात्री

खाणवाला आलो. आमच्याकडचं संशोधन बहुतेक वेळा रक्ताने सुरू झालंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

१८१२ मध्ये इंग्लंडात फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यानंतर रसायनज्ञ हम्फ्री डेव्हीला विचारणा झाली. त्याने १८१५ मध्ये दाखवलं की दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असली तर आग बाहेर जात नाही. तार उष्णता ओढून घेते, पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. ही शुद्ध प्रयोगशाळेतली करामत. पण गंमत, खरं तर दुःख असं की दिवा आल्यावर स्फोट कमी झाले नाहीत. आधी पेट घेणाऱ्या वायूच्या ज्या थरांत शिरायची हिंमत नव्हती, तिथे मालक माणसं पाठवू लागले.

दुसरी गोष्ट धुळीची. १८४४ मध्ये हॅसवेलच्या खाणीत ९५ जण मेले. चौकशीला सरकारने पाठवलेल्यांत मायकेल फॅरडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल. फॅरडेने खाणीत हवेचा वेग कसा मोजता म्हणून विचारलं. पर्यवेक्षकाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीतून टाकली आणि धूर किती वेळात कुठवर जातो ते दाखवलं. फॅरडेने विचारलं, दारू ठेवता कुठे? उत्तर आलं, तुम्ही बसलाय त्याच पिशवीत. असं सांगतात खरं.

तर त्या दोघांनी लिहून दिलं की नुसता वायू नाही, उडालेली कोळशाची धूळही पेटली. पालथ्या घड्यावर पाणी. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये कूरियेरला एका स्फोटात १०९९ माणसं गेली, मुख्यतः धुळीमुळे. मग धावपळ. अमेरिकेत १९१० मध्ये ब्यूरो ऑफ माइन्स निघाला, त्यांनी पिट्सबर्गजवळ ब्रूस्टनला स्फोट करून बघण्यासाठीच एक खाण खणली. त्यातून पक्कं झालं ते साधंच: कोळशाच्या धुळीवर चुनखडीची भुकटी मारा, ती उष्णता खाते, ज्वाळा पुढे सरकत नाही. जगातल्या कोळसा खाणींत हे आजही चालतं.

म्हणजे शंकासुर, विज्ञान मागून आलं नव्हतं. आधीच येऊन दारात उभं होतं, कडी कुणी काढली नाही.

नवशिकी

अंगावर काटा आला.

सावळा गोंधळ

पिशवीचा किस्सा जबरा. बाकी खाणवाल्यांच्या संशोधनाचा एवढा अभिमान असेल तर ब्राझीलमधलं २०१९ चं ब्रूमाडिन्यो कसं झालं? लोहखनिज धुऊन उरलेल्या गाळाचं धरण फुटलं आणि २७० माणसं चिखलाखाली गेली. दोनशे वर्षं धातू कसा काढायचा यावर डोकी झिजवली, उरलेल्या घाणीचं काय यावर किती?

पाताळयात्री

@सावळा गोंधळ, टोचलं, पण बरोबर आहे. जुन्या पद्धतीत गाळावरच गाळाचा पुढचा बांध चढवतात, स्वस्त पडतं म्हणून. आतून ओला राहिला की एका क्षणात त्याचं द्रव होतं. ही मातीची यांत्रिकी नवी नाही, खूप आधीपासून माहीत होती. जागतिक पातळीवरचं गाळ-धरणांचं मानक निघालं २०२० मध्ये, धरण फुटल्यावर. इथे मात्र वरातीमागून घोडं तंतोतंत लागू.

मृगजळ

गाळावरून आठवलं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला शिसं-चांदी काढून उरलेल्या गाळाचे डोंगर पडले होते आणि त्यात भरपूर जस्त. पण जस्ताचं खनिज आणि सोबतचा दगड वजनाने जवळजवळ सारखे, धुऊन वेगळे होईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे तरंगण, म्हणजे फ्रॉथ फ्लोटेशन मोठ्या प्रमाणावर चालू झालं. खनिज पिठासारखं दळायचं, पाण्यात जरा तेल घालायचं, खालून हवा सोडायची. खनिजाचे कण बुडबुड्याला चिकटून फेसात वर, दगड तळाला. जड ते वर आणि हलकं ते खाली!

याचा शोध एका शाळामास्तरणीला लागला म्हणतात. भावाच्या खनिजाच्या तेलकट पिशव्या धुताना तिला कण फेसावर तरंगताना दिसले. भाचीला सांगा.

खडूस मास्तर

भाचीला सांगायचंच तर खरं सांगा. बाईंचं नाव कॅरी एव्हरसन. त्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत तेल आणि आम्ल वापरून खनिज वेगळं करण्याचं पेटंट घेतलं. पिशव्या धुण्याची कथा नंतर कुणीतरी रचली. बाईने रसायनशास्त्राचा अभ्यास करून पद्धतशीर प्रयोग केले म्हटलं की लोकांना पचत नाही, धुणं धुताना सापडलं म्हटलं की पचतं. पैसा त्यांना मिळालाच नाही, तो पुढे दुसऱ्यांनी केला.

दुसरं, 'जड ते वर' हे ऐकायला छान आहे, पण प्रश्न वजनाचा नाहीच. कणाच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं की हवा, एवढाच प्रश्न. म्हणून १९२० च्या दशकात झँथेट नावाचं रसायन आलं तेव्हा खरी क्रांती झाली. त्या रेणूचं एक टोक सल्फाइड खनिजाला पकडतं, दुसरं पाण्यापासून पळतं. टनामागे काही ग्रॅम पुरतं. आज तांब्याच्या खाणींत १ टक्क्याहून कमी तांबं असलेला दगड परवडतो तो यामुळे. तारा, मोटारी, जनित्रं, यांतलं बरंचसं तांबं आधी फेसातून आलेलं असतं.

भट्टीवाला

मास्तर खडूस असले तरी त्यांच्या तासाला बसावंसं वाटतं.

मृगजळ

मान्य मास्तर. पिशव्या परत घेतो.

चिखल्या

पेट्रोलियमवाले कुठे गेले म्हणून कुणी विचारलं नाही, म्हणून स्वतःच आलो. तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर मड इंजिनियर होतो, आयडीचं कारण तेच.

आमचं दुखणं वेगळं. खाणवाला निदान आत जाऊन दगडावर हात ठेवतो. आम्ही तीन किलोमीटर खाली, वीतभर रुंदीच्या भोकातून, न दिसणाऱ्या खडकातल्या केसाहून बारीक छिद्रांत काय आहे ते ओळखायचं. लोकांना वाटतं तिथे तेलाचं तळं असतं. तळं नसतं, ओल्या विटेत पाणी असतं तसं ते खडकात मुरलेलं असतं. म्हणून आमचं बहुतेक संशोधन 'न बघता बघणे' या एका गोष्टीचं आहे.

५ सप्टेंबर १९२७, फ्रान्समधलं पेशेलब्रोन. श्लुम्बर्जे बंधूंच्या माणसांनी विहिरीत केबलने इलेक्ट्रोड सोडून दर मीटरला खडकाचा विद्युतरोध मोजला, हाताने कागदावर बिंदू मांडले. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. रोध वाढला की कान टवकारायचे. पण रोध किती म्हणजे तेल किती? ते १९४२ मध्ये आर्चीने खडकांचे नमुने मोजून मोजून बसवलं. सच्छिद्रता, रोध आणि पाण्याचा वाटा यांचं एक छोटं सूत्र. काहीही गंभीर सिद्धान्त नाही, आकड्यांवरून ओढलेली रेघ. जगभर आजही पहिला अंदाज त्यानेच काढतात.

कोळसाकाका

आणि डार्सी? खडकातून द्रव किती सहज झिरपतो याचं एकक ज्याच्या नावाने मिरवता, तो दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता. वाळूतून पाणी कसं झिरपतं ते त्याने १८५६ मध्ये छापलं. अमेरिकेतली ड्रेकची गाजलेली तेलविहीर १८५९ ची! शिवाय भूकंपाच्या लहरी भूकंपवाल्यांच्या, वीज वीजवाल्यांची. आयत्या बिळावर नागोबा!

चिखल्या

काका, नागोबा तर नागोबा. पण डार्सीच्या नळीत एकच द्रव होता. खडकात तेल, पाणी आणि वायू एकाच छिद्रासाठी भांडतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याची वाट अडवतो. बकली आणि लेव्हरेट यांनी १९४२ मध्ये मांडलं की पाणी ढकललं तर तेल कसं सरकेल आणि कधी पाणी पुढे घुसून विहीर ओली करेल. एवढं सगळं करूनही क्षेत्रातलं साधारण एक तृतीयांश तेल वर येतं, बाकीचं खाली राहतं. आता यात संशोधन उरलंय की नाही ते भाचीनेच ठरवावं.

आणि बीळ कधीकधी उलटतंही. उत्तर समुद्रात एकोफिस्क म्हणून क्षेत्र आहे, खडू खडकातलं. तेल काढलं, दाब उतरला, मऊ खडू दबला, समुद्रतळ खचला आणि त्यावरचे फलाट बुडू लागले. १९८७ मध्ये ते पोलादी फलाट जॅक लावून ६ मीटर उचलावे लागले. दाब राखायला पाणी भरलं तरी खचणं थांबेना, कारण पाण्यानेही तो खडू मऊ पडतो. त्यावर अख्ख्या पिढीचे प्रबंध झालेत.

आळशी उंदीर

खडू मऊ पडतो हे आमच्या शाळेतल्या फळ्याला माहीत होतं.

काचेपलीकडे

कुणी कुतूहलाचं नाव घेतलं नाही म्हणून थोडं लिहितो. मी धातू घासून, चकाकून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा माणूस.

ही वाट हेन्री सॉर्बीची. शेफिल्डचा घरचा सधन गृहस्थ, नोकरीची गरज नाही. आधी दगडांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. डोंगर बघायला कुणी सूक्ष्मदर्शक घेतं का म्हणून लोक हसले. १८६३ च्या सुमारास त्याने पोलाद तसंच पाहिलं आणि त्यात स्फटिकांची नक्षी दिसली. कुठली भट्टी बंद पडली नव्हती, कुणी मेलं नव्हतं, कुणी मागणीही केली नव्हती. वीसेक वर्षं कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. आज नापास झालेला कुठलाही सांधा पहिल्यांदा त्याच पद्धतीने बघतात.

पाताळयात्रींचं रक्ताचं म्हणणं आमच्याकडेही आहेच. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंग करून झपाट्याने बांधलेली जहाजं थंड पाण्यात तडकायला लागली. 'स्केनेक्टडी' हे तेलवाहू जहाज जानेवारी १९४३ मध्ये शांत पाण्यात, धक्क्याला उभं असताना जवळजवळ दोन तुकडे झालं. सगळ्यांनी वेल्डरला धरलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की दोष पोलादाचा होता: ठरावीक तापमानाखाली ते लवायचं सोडून काचेसारखं फुटतं. वेल्डिंगने फक्त तड्याला एका पत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट दिली, जुन्या रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या काठाशी थांबायचा.

मृगजळ

ही दुसरी बाई. भाची मोजत असेल.

कोळसाकाका

भाचीला हेही कळू दे की १९३५ च्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराने बायकांना खाणीखाली काम करायलाच बंदी होती. हेतू चांगला होता, पण तो धरून कितीतरी देशांनी मुलींना खाण शाखेचं दारच लावलं. आता बरेच देश त्यातून बाहेर पडलेत.

खडूस मास्तर

संस्थांचा उल्लेख राहिला. जर्मनीत फ्रायबर्गची खाण अकादमी १७६५ पासून आहे. तिथे १८६३ मध्ये फर्डिनांड राइखने जस्ताच्या खनिजातून एक गाळ काढला, नवं मूलद्रव्य असेल असा संशय होता. वर्णपटात रेघ बघायची, पण राइखला रंग ओळखू येत नसत. त्याने मदतनीस रिश्टरला डोळा लावायला सांगितलं. गर्द निळी, म्हणजे इंडिगो रंगाची रेघ दिसली, म्हणून नाव इंडियम. तिथेच १८८६ मध्ये विंक्लर एका नव्या चांदीच्या खनिजाचं पृथक्करण करत होता, बेरीज काही केल्या ९३ टक्क्यांच्या पुढे जाईना. उरलेले ७ टक्के म्हणजे जर्मेनियम. पुढे पहिला ट्रान्झिस्टर त्याचाच झाला आणि इंडियम आज बहुतेक टचस्क्रीनच्या काचेवर आहे. डोंगर पोखरून काय निघालं बघा.

आळशी उंदीर

मास्तर, ते उंदीर नव्हते हे मान्य.

भट्टीवाला

एक स्वतःचं सांगतो. मी लागलो तेव्हा आमचे एक फोरमन ज्वाळेचा रंग बघून हीट, म्हणजे पोलादाचा एक घाणा, कधी संपवायची ते सांगायचे, कार्बन अगदी अचूक. मग ब्लो, म्हणजे फुंकणं, चालू असतानाच तापमान आणि कार्बन मोजणारी सब-लान्स नावाची सळई आली आणि गणित करणारा संगणक. पैज लागली. पहिल्या दिवशी फोरमन जिंकले. आठवड्यानंतर मशीन जिंकू लागलं, कारण तोवर कुणीतरी फोरमनलाच विचारून विचारून त्याच्यातले आकडे सुधारले होते. फोरमन निवृत्त होताना म्हणाले, "ते माझ्याच डोळ्याने बघतंय." कारागीर पुढे की विज्ञान पुढे, मला तरी त्या शॉपमध्ये सांगता आलं नसतं.

शंकासुर

एवढी भर पडेल असं वाटलं नव्हतं. थॉमस, एव्हरसन आणि सॉर्बी वाचून मी माझा घोडा सोडून दिलाय, झावरपुरता मागे ठेवतो.

भाचीने सगळं वाचलं. मला वाटलं एव्हरसन आवडेल किंवा इंडियम. तिचा प्रश्न वेगळाच: "त्या चिखल्या काकांनी चिखलाबद्दल काहीच कसं सांगितलं नाही? भोक पाडायला चिखल कशाला, पाणी का नाही?"

चिखल्या

देव तुमच्या भाचीचं भलं करो. आजवर इथे मला हे कुणी विचारलं नव्हतं.

टेक्ससमध्ये स्पिंडलटॉपला १९००-०१ मध्ये तेलाची विहीर खणताना वाळू ढासळून भोक बुजायचं. साध्या पाण्याने ती धरवेना. तेव्हा डबक्यात गुरं फिरवून चिखल केला आणि तो आत सोडला अशी गोष्ट सांगतात. चिखलाने भोकाच्या भिंतीला लेप बसला आणि वाळू धरली गेली. आता गुरांऐवजी बेंटोनाइट माती आणि बॅराइट असतं. बॅराइट पाण्याच्या चौपट जड, त्याने चिखलाचं वजन वाढवतो. वजन कमी पडलं तर खालचा वायू उसळून वर येतो, जास्त झालं तर खडक फुटून चिखलच आत जातो. रात्रभर या दोन्हींच्या मधली पट्टी सांभाळायची, ती माझी नोकरी होती.

आणि पाणी का नाही त्याचं खरं उत्तर: पंप चालू असतो तोवर चिखल वाहतो आणि कापलेले दगडाचे तुकडे वर आणतो. पंप थांबला की पाण्यात ते तुकडे तळाला बसतील आणि बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, अडकेल. बेंटोनाइटचा चिखल थांबल्या थांबल्या दह्यासारखा जमतो, तुकडे जिथल्या तिथे धरतो, पंप सुरू केला की पुन्हा पातळ. तिला म्हणावं, एका काचेच्या बरणीत पाणी घे, दुसरीत बेंटोनाइट भिजवून रात्रभर ठेव. दोन्हींत बारीक खडे टाकून हलव आणि एकदम थांब. काय दिसलं ते इथे लिही. बेंटोनाइट किती घ्यायचं ते मी सांगणार नाही, ते तिचं तिने शोधावं.